पाहुण्यांपुरती फळी

मित्रांनो, टेबलांची आत्मवृत्तं तुम्ही वाचली असतील, खुर्च्यांचीही वाचली असतील. फळीला कोणी विचारत नाही, म्हणून मीच आपण होऊन सांगते. मी जेवणाच्या टेबलाची मधली फळी आहे. टेबल दोन्ही टोकांनी ओढलं की मधे फट पडते. त्या फटीत मला बसवतात आणि दोन माणसांची जागा वाढते, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पाहुणे गेले की मला उचलून कपाटामागे उभी करतात. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण कोणीतरी माझ्याकडे बघूनच केली असावी.

रागावून बोलत नाहीये. पूर्वी राग यायचा, आता येत नाही. लाकडाला काही वाटत नाही असं माणसं म्हणतात, म्हणोत बापडी. कपाटामागे वर्षानुवर्षं उभं राहिलं की वाटणं आपोआपच कमी होतं.

मला ज्या सुतारानं घडवलं तो मोठा बोलघेवडा होता. कानावर पेन्सिल, तोंडात खिळे, आणि खिळे तोंडात असतानाही बडबड चालूच. टेबल करून घ्यायला आले होते ते बाबा. तेव्हा ते बाबा नव्हते, नुकतं लग्न झालेला, लिफ्ट दुरुस्त करणारा एक हडकुळा तरुण होता. सोबत त्यांची नवी नवरी होती, पुढे जिला सगळं घर आई म्हणू लागलं. सुतार म्हणाला, "सहा जणांचं करतो आणि वर एक फळी देतो. आठ बसतील." नवरी हसून म्हणाली, "अहो, आम्ही दोघंच तर आहोत." त्यावर सुतार म्हणाला, "आज दोघं आहात." नवरी लाजली आणि बाबा छताकडे बघायला लागले.

एकाच खोडातून टेबल कापलं आणि मीही कापली गेले. माझ्या एका कडेला दोन खुंट्या, दुसऱ्या कडेला दोन भोकं. सुतारानं बजावून सांगितलं होतं, "अधूनमधून लावत जा हो हिला, नाहीतर वाकेल." माणसं असलं बजावलेलं ऐकतात आणि कपाटामागे ठेवून देतात.

तरी अगदीच पडून होते असं म्हणणं खोटं होईल. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. इस्त्रीचं टेबल मोडलं तेव्हा दोन स्टुलांवर मला आडवी टाकून तिनं कितीतरी गणवेशांना इस्त्री केली. माझ्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोणी डाग आहे, तो तेव्हाचा. दादा आणि धाकटी, म्हणजे तिचा मुलगा आणि मुलगी, लहान असताना पलंगाला मला टेकवून घसरगुंडी करायचे. पुढे दादाच्या जुळ्या पोरींनीही तेच केलं. ज्या फळीवर पाहुण्यांनी जेवायचं त्या फळीवरून दोन पिढ्या बूड घासत खाली आल्या आहेत, हे पाहुण्यांना कोणी सांगितलं नाही ते बरं झालं.

पण माझा खरा दिवस एकच, वर्षाच्या मोठ्या सणाचा. त्या दिवशी दुपारचं जेवण आमच्याकडे असायचं. सकाळीच मला बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसायचे. मी अंधारात राहिल्यामुळे माझा रंग फिका राहिला आणि टेबल उन्हानं काळवंडलं, म्हणून वर मोठी चादर घालायचे. मग माणसं बसायची. एका टोकाला बाबा. दादा फरशा बसवण्याचं काम करतो, त्याची बायको शाळेची बस चालवते, ती दोघं शेजारी शेजारी. जुळ्या पोरी. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, जिचं तोंड जेवतानाही बंद नसे. आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ धाकटी. सात माणसं. मग आई भांडी आणायची, वाढायची आणि म्हणायची, "मी बसते नंतर. तुम्ही सुरू करा." सगळे सुरू करायचे. टेबल हलायचं, हसण्यानं चादर सरकायची, रस्सा सांडायचा. "फळी असावी तर अशी," असं मावशी एकदा म्हणाली होती. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं आहे.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता आई गेली. फार आजारी नव्हती. सकाळी गणवेशाला बटणं लावत बसली होती, दुपारी नव्हती. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही, कारण मी कपाटामागे होते आणि मला फक्त पावलं ऐकू येत होती. खूप पावलं आली, मग कमी झाली, मग थांबली.

घरात बाबा आणि धाकटी राहिले. घर सुन्न झालं होतं. कोणी मोठ्यानं रडलं नाही, कोणी भांडलं नाही, भांडलं असतं तर बरं झालं असतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. ती सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, ताटात काहीतरी वाढून बाबांच्या खोलीत नेऊन ठेवायची. बाबा खिडकीपाशी बसून जेवायचे आणि ताट पलंगाखाली सरकवायचे. उभ्या आयुष्यात लोकांना वरखाली नेणाऱ्या लिफ्ट ज्यानं सांभाळल्या तो माणूस स्वतः खाली उतरायचा बंद झाला. टेबलावर बिलं, चष्म्याच्या डब्या आणि न वाळलेले कपडे जमा झाले. तिथे कोणी जेवत नव्हतं.

सण जवळ आला तसा दादा एकदा येऊन म्हणाला, "यंदा हॉटेलातच जेवू या ना. कशाला उगाच? मी बोलतो सगळ्यांशी."

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "घरीच. मी करते."

"तू?" दादा म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. कारण आईनं हयातभर कोणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. धाकटीला काचेतला केसाएवढा दोष दिसतो, पण दूध उतू जाताना दिसत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"यंदा हॉटेलात गेलो तर पुढच्या वर्षी कोणी हॉटेलातही येणार नाही," ती म्हणाली. "आणि बाबा खोलीतून बाहेर येणार नाहीत, कधीच. एकदा तरी त्यांनी टेबलाशी बसायला पाहिजे."

एवढं बोलून ती पुन्हा घड्या घालायला लागली. मित्रांनो, सगळी गोष्ट एवढीच आहे. तिला सणाची हौस नव्हती. हौस कुठून येणार? तिच्या आत काहीच हलत नव्हतं, हे ती स्वतःच मावशीला फोनवर सांगत होती. "मला काही वाटतच नाही गं मावशी. दगड झालाय." पण दगड झालेल्या माणसालाही काही गोष्टी कळतात.

सणाच्या सकाळी तिनं मला बाहेर काढलं. आई पुसायची तसं ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या. आणि जेवणघरातल्या भिंतीला टेकवून ती ओट्याकडे पळाली, कारण रस्सा खाली लागत होता. त्या दिवशी तिच्या नाकी नऊ आले. भात मोठ्या पातेल्यात केला, तो वर कच्चा आणि खाली गच्च. बटाटे भाजायला ठेवले आणि विसरली. गोड तेवढं जमलं, कारण ते मावशीनं फोनवरून पायरीपायरीनं सांगितलं, आणि प्रत्येक पायरीला दोन टोमणे मारले. धाकटीनं एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही. उलटं बोलायलाही अंगात जीव लागतो.

मग ताटं काढायची वेळ आली. आई कशी काढायची ते तिनं लहानपणापासून बघितलं होतं. आई दारात डाव घेऊन उभी राहायची, बसणाऱ्या माणसांची नावं मनात घ्यायची, आणि तेवढी ताटं उतरवायची. स्वतःचं ताट ती कधी काढत नसे. सगळे उठले की ओट्यापाशी उभी राहून, पातेल्यातच भात कालवून खायची. धाकटीनं सगळं आईचं बघूनच उचललं होतं, तसं हेही उचललं. बाबा, दादा, वहिनी, दोन पोरी, मावशी. सहा ताटं झाली.

तेवढ्यात दादा, वहिनी आणि पोरी आल्या. दादाची नजर फरशीवाल्याची. कोणत्याही खोलीत शिरला की आधी मापं घेतो. त्यानं ताटं बघितली, टेबल बघितलं, भिंतीशी टेकलेली मी बघितली.

"फळी कशाला? सहाच तर आहोत," तो हळू आवाजात म्हणाला. "टेबल छोटंच राहू दे. एक माणूस कमी झालंय ते डोळ्यांवर यायला नको बाबांच्या." मग त्यानं उरलेल्या खुर्च्या उचलून बाल्कनीत नेऊन ठेवल्या आणि दार ओढून घेतलं. "रिकामी खुर्ची दिसली की संपलं. ते उठून जातील."

धाकटी म्हणाली, "बरं." तिलाही ते पटलं होतं. मलाही पटलं होतं, खरं सांगायचं तर. एक माणूस गेलं, एक जागा कमी झाली, फळी लागत नाही. हिशोब सरळ दिसत होता.

मावशी आली. दारातूनच तिनं हवेत वास घेतला. "काय जाळलंस गं?"

"बटाटे."

"चालायचंच. ताईनं पहिल्या वर्षी भाताची खळ केली होती. ते कोणी तुला सांगणार नाही, मी सांगते."

वहिनी बाबांना बोलवायला गेली. ती बस चालवणारी बाई, पोरांना आणि पोरांच्या आयांना ताब्यात ठेवते, तिला कोणी नाही म्हणत नाही. तरी बराच वेळ काही आवाज आला नाही. धाकटी डाव हातात धरून दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण डावातून रस्सा तिच्या पायावर ठिबकत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

बाबा आले. दाढी केलेली होती, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. ते टोकाच्या खुर्चीवर बसले. सगळे बसले. टेबल पूर्ण भरलं, एकही जागा मोकळी नाही. दादानं सुटकेचा श्वास टाकला.

बाबांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाले, "हिची खुर्ची काढलीत?"

दादा पाणी प्यायला. "बाबा, तसं नाही. बाल्कनीत आहे. म्हटलं, उगाच तुम्हाला..."

"आणून ठेव."

"कुठे ठेवू?"

"तिच्या जागेवर."

दादा उठला, आणि अर्धवट उठलेलाच राहिला. "तिची जागा म्हणजे... तुमच्या शेजारी ना?"

"माझ्या शेजारी तू बसतोस," बाबा म्हणाले.

"आई दाराजवळ बसायची ना?" वहिनी म्हणाली.

"तिथे आत्या बसते," जुळ्यांपैकी एक म्हणाली.

बाबांनी टेबलाकडे बघितलं. एवढी वर्षं याच टेबलावर जेवलेला माणूस, आपली बायको कुठे बसायची हे आठवायचा प्रयत्न करत होता. भिंतीशी उभी राहून मी ते बघत होते. शेवटी मावशी बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"भावोजी, ताई बसली कधी होती?"

मित्रांनो, तेव्हा मला माझा चुकलेला हिशोब कळला. आईच्या जाण्यानं टेबलावरची जागा कमी झालीच नव्हती. तिची जागा त्यात धरलेलीच नव्हती. कमी झाली होती ती धाकटी. जी कालपर्यंत दाराजवळ बसून जेवायची, ती आज डाव घेऊन दारात उभी होती, आणि सहा जणांपैकी एकालाही ते खटकलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

अवघडलेपण मोडावं म्हणून असेल, धाकटी दारातून म्हणाली, "रस्सा निवतोय. मी बसते नंतर. तुम्ही सुरू करा."

बाबांनी उचललेला घास ताटात ठेवला. "काय म्हणालीस?"

"मी नंतर बसते, म्हटलं."

बाबा उठले. दादाला वाटलं, झालं, गेले हे खोलीत. धाकटीलाही तेच वाटलं असणार, तिनं डोळे मिटले. पण बाबा माझ्यापाशी आले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. म्हातारे झाले होते ते हात, पण यंत्रं उचललेले होते.

"उचला ताटं," ते म्हणाले. "फळी लावायची आहे."

भरल्या ताटांनी टेबल ओढायचं म्हणजे काय गोंधळ होतो ते सांगून कळणार नाही. ज्यानं त्यानं आपलं ताट छातीशी धरलं. पोरी कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मावशी रश्श्याचं भांडं घेऊन "पाय भाजतील कुणाचे तरी" म्हणत भिंतीला चिकटली. दादानं एक टोक ओढलं, वहिनीनं दुसरं. टेबल हलेना. वर्षभर न उघडल्यामुळे खालच्या सरकपट्ट्या घट्ट बसल्या होत्या. बाबा गुडघ्यांवर बसले, साबण मागवला, पट्ट्यांना घासला, म्हणाले, "आता ओढा." फट पडली. मला आधी उलटी बसवली, खुंट्यांसमोर खुंट्या आल्या. मग फिरवली आणि मी बसले.

"अहो बाबा, कशाला? मी आपलं ओट्याशी खाल्लं असतं," धाकटी म्हणत होती. तिच्या बोलण्यात संकोच नव्हता, आग्रह नव्हता, नुसती सवय होती, आणि ती तिची स्वतःचीही नव्हती.

दादानं बाल्कनीतल्या खुर्च्या आणल्या. धाकटी बसली आणि लगेच उठली, पाणी आणायला. पुन्हा बसली, मीठ आणायला उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा दादानं तिचं मनगट धरलं आणि जेवण होईपर्यंत सोडलं नाही. डाव्या हातानं जेवला तो.

बाबांनी तिला वाढलं. त्यांना वाढता येत नव्हतं. रस्सा ताटात थोडा पडला आणि माझ्यावर जास्त पडला. ती घास घेऊन बराच वेळ चावत राहिली, मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आहेच," मावशी म्हणाली. "आम्ही बोलणार नव्हतो."

सगळे जेवायला लागले. आणि मग एक लहानशी गोष्ट झाली. वहिनीच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिनं ते सवयीनं, न बघता, माझ्यावर ठेवलं, धाकटीच्या बरोबर समोरच्या मोकळ्या जागेत. माणसं सात, आणि मी लागले की टेबल आठांचं होतं. एक जागा मोकळी राहणारच.

बाबांचं लक्ष गेलं. "तिथे कोण बसायचं?"

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "तिथे भाताचं पातेलं असतं ना नेहमी."

"नेहमी?"

"हो. दर वर्षी. मी आले तेव्हापासून तरी."

बाबांनी पातेल्याकडे बघितलं. म्हणजे जागा होती. दर वर्षी मांडलेली होती, चादर घातलेली होती, आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून तिथे भात ठेवला होता. ते उठले, दोन्ही हातांनी ते गरम पातेलं उचललं आणि स्वतःच्या ताटापुढे नेऊन ठेवलं. त्यांच्यासमोर कोपर टेकवायलाही जागा उरली नाही. मग ते बसून अवघडून जेवू लागले, पातेल्याच्या कडेवरून हात फिरवून.

थोड्या वेळानं, कोणाकडे न बघता, ते म्हणाले, "एकदा बस म्हटलं असतं तर बसली असती ती. मी म्हटलंच नाही."

कोणी रडलं नाही. धाकटीही नाही. तिनं फक्त हात थांबवला आणि म्हणाली, "मला आज भूक लागलीय, बाबा. खूप दिवसांनी लागलीय." बाबांनी तिच्या ताटात आणखी भात घातला. वरचा, कच्चा. तिनं तो सगळा खाल्ला.

मित्रांनो, अशा आत्मवृत्तांच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. आम्हाला पुसा, जपा, उन्हात टाकू नका, असं. माझं तसलं काही मागणं नाही. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा कपाटामागे उभी केली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. धाकटीही एका जेवणानं हसायला लागली नाही. अजून ती गप्पच असते. पण तिचं आणि बाबांचं ताट आता टेबलावर असतं, आणि ती बसल्याशिवाय बाबा घास उचलत नाहीत.

मागायचंच झालं तर एवढंच मागते. तुमच्या घरी फळी असो नसो, जेवायला बसण्याआधी एकदा मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा. तिथे कोणी उभं असेल आणि म्हणत असेल की मी नंतर बसते, तर त्या माणसाचं ऐकू नका.